चौतीस नंबरचा माणूस

सोमवार, ९ जून

नवी वही. जुनीत अजून सात पानं कोरी आहेत, पण आजपासून जे सुरू झालं ते नव्या वहीत असावं असं वाटलं. नववीनंतर शाळा सुटली तरी अक्षर बिघडू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं, ते अजून पाळतो. अडलेला शब्द कोशात बघतो आणि मगच लिहितो.

आज कारखान्यातल्या पॅटर्नच्या खोलीत कॉम्प्युटर आला. खिडकीखालच्या ज्या टेबलावर मामा जेवणाचा डबा ठेवतो तिथे तो मांडला. मामाने डबा उचलून शिवणयंत्राखाली ठेवला आणि पुन्हा खडू हातात घेतला.

साहेबांनी सांगितलं ते असं. आठ आठवड्यांत चार नव्या पँटी. प्रत्येक पँट दोनदा बघायची. एकदा नेहमीसारखी कापून, शिवून, माणसाच्या अंगावर. एकदा यंत्रात, म्हणजे ह्या कॉम्प्युटरवर, कापडाला कात्रीही न लावता. दोन्हीकडे सारखंच दिसलं तर ४ ऑगस्टपासून नमुने शिवणं बंद.

"आणि आम्ही?" टाचणीबाईंनी विचारलं. त्या नमुने शिवतात. तोंडात कायम टाचण्या असतात म्हणून हे नाव. त्यांना ते माहीत आहे.

"ते तेव्हा बघू," साहेब म्हणाले.

यंत्रावर मी बसणार. माझं नाव मामानेच सुचवलं. म्हणजे यंत्र खरं ठरलं तर मी राहणार आणि मला ज्याने हे काम शिकवलं, आई गेल्यावर घरात घेतलं, तो जाणार. मी हे मामाला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तू फक्त जे दिसेल ते लिही. फसवायचं नाही. यंत्रालाही नाही."

यंत्राला आत एक माणूस लागतो. आमच्या कारखान्यात चौतीस नंबर म्हणजे मामा. मामा कटिंग मास्तर आहे, कागदावर पॅटर्न तोच काढतो, आणि बावीस वर्षं चौतीसची प्रत्येक नवी पँट त्याच्याच अंगावर तपासली जाते. ती बसली की बाकीचे नंबर तिच्यावरून वाढवायचे-घटवायचे. म्हणून आज मामाला चड्डीवर स्टुलावर उभं केलं आणि मी बावन्न मापं घेतली. कंबर ३४. सीट ४०. मांडी साडेतेवीस. दोनदा मोजली.

"मास्तर, पोट आत ओढू नका हं, यंत्राला कळतं म्हणे," टाचणीबाई.

"ओढायला पोट हवं ना! बावीस वर्षांत अर्धा इंच हललेलो नाही. साहेबांची खुर्ची तीनदा बदलली."

बुधवार, ११ जून

पडद्यावर मामा उभा राहिला. राखाडी रंगाचा, टक्कल असलेला, चेहऱ्याच्या जागी नुसता गुळगुळीत उंचवटा. पण खांदे तेच. उजवा जरा खाली, कात्रीमुळे.

यंत्र शिकवायला येणाऱ्या मॅडमनी तो गोल फिरवून दाखवला. पॅटर्नचे तुकडे त्याच्याभोवती हवेत उभे राहतात. कुठली कड कुठल्या कडेला जोडायची ते मी सांगायचं. मग बटण दाबलं की कापड अंगावर पडतं, सुरकुत्यांसकट. जिथे आवळतं तिथे लाल, जिथे बरोबर तिथे हिरवं, जिथे ढगळ तिथे निळं.

टाचणीबाई चष्मा लावून बराच वेळ बघत होत्या. "केस नाहीत, बोलत नाही, चहा मागत नाही. मास्तर, वहिनींना हाच द्या घरी."

सगळे हसले. मामाही हसला, पण हसताना टेबलाची कड धरून उभा होता. आजपासून पडद्यावरच्याचं नाव दुसरा मामा.

बुधवार, १८ जून

पहिली पँट. यंत्रात मागे, पट्ट्याच्या खाली एक आडवी ओढ दिसली. टाचणीबाईंनी खरी शिवली, मामाने घातली. तीच ओढ, त्याच जागी. माझ्या अंगावर काटा आला.

कंबरेत पाव इंच फरक निघाला. पाव इंच म्हणजे काहीच नाही, मॅडम म्हणाल्या. साहेब खूश.

घरी येताना मला मामाकडे बघवेना. तो रात्री दोन घास खाऊन उठला. मला वाटतं पँटीचंच मनाला लागलं असेल.

रविवार, २२ जून

मामा अंगणात बसून चामड्याच्या पट्ट्याला आरीने भोक पाडत होता. मी म्हटलं, मी पाडतो. "नको," म्हणाला, "तुझा हात थरथरतो." खरं आहे. तसा थरथरतो माझा हात.

बुधवार, २ जुलै

दुसरी पँट. आज जे झालं ते नीट लिहितो.

यंत्रात कंबर हिरवीगार. बोट ठेवायला जागा नाही. मामाने खरी घातली तर मागे फुगा. कापड जास्त झालं की टाचणीबाई ते मागे चिमटीत धरून टाचण्या लावतात आणि किती धरलं ते मी मोजतो. एक इंच.

मामा कधी अशी चूक करत नाही. त्याने मला शिकवलेली तपासायची यादी माझ्याकडे आहे, अकरा गोष्टींची. मी सगळ्या तपासल्या. कागद बरोबर. कापणी बरोबर. उभा धागा सरळ. शिलाई आखलेल्या रेषेवरच. इस्त्रीने कापड आटलेलं नाही, ताणलेलं नाही. शिवलेली पँट टेबलावर सपाट पसरून मोजली, चौतीसला जेवढी हवी तेवढीच. यादी संपली.

मग उरतं यंत्र. मी कापडाची पट्टी टेबलाच्या कडेवरून लोंबकळत सोडून ती किती वाकते ते पुन्हा मोजलं आणि यंत्रात भरलं. तरी हिरवंच.

म्हणजे यंत्र चुकतं! मी हे टाचणीबाईंना सांगितलं तेव्हा आवाज जरा चढलाच माझा. त्यांनी टाचण्यांमधून "हं" एवढंच केलं. मामा कपडे बदलायच्या पडद्याआड होता, बराच वेळ आला नाही. आल्यावर म्हणाला, "लिहून ठेव."

आज खूप दिवसांनी घरी जाताना बरं वाटलं.

शनिवार, ५ जुलै

आणखी काही नोंदी, उपयोगी पडतील म्हणून. दुसऱ्या पँटीच्या कापडाने अंगाला खाज सुटते. मामा दिवसभर दंड आणि पाठ खाजवत असतो. कापडावर काही औषध मारलेलं असणार. टाचणीबाईंना सुटत नाही, पण त्यांचे हात आता निबर झालेत.

खोलीत नवे दिवे लावलेत, त्यांचा उजेड पिवळा पडतो. मामाचे डोळेसुद्धा पिवळे दिसतात. साहेबांना सांगायला हवं, रंग जुळवताना चूक होईल.

बुधवार, १६ जुलै

तिसरी पँट. यंत्रात निर्दोष. अंगावर दोन इंच ढगळ, सीट मागून लोंबलेली, मांडीवर दोन उभ्या घड्या.

साहेबांनी मॅडमना तिथल्या तिथे फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. मॅडम म्हणाल्या, "कापड तपासलंत, शिलाई तपासलीत. शरीर पुन्हा मोजा ना."



"मापाच्या माणसाला फीत लावत नाहीत," मामा म्हणाला. हळू म्हणाला, पण फोनपर्यंत गेलं. "फीत खरी आहे का हे कशावर बघायचं मग? आधी मी, मग फीत."

"मास्तर, राग मानू नका..."

"राग नाही बाई. बावीस वर्षं झाली."

मला मॅडमचाच राग आला. यंत्र चुकलं हे मान्य करायचं सोडून त्या माणसावर संशय घेतात. फोन बंद झाल्यावर साहेब खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "एवढा खर्च करून आणलंय मी हे." मामाकडे त्यांनी बघितलं नाही. साहेब माणसांकडे बघत नाहीतच, पँटीकडे बघतात.

कामावर मी मामाला मास्तर आणि तुम्ही म्हणतो, तसं त्यानेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आज मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही बरोबर बोललात." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात फार गरम होता.

रविवार, २० जुलै

मामी हल्ली दुपारी शिवायला बसते. पूर्वी ती सुई हातात धरायची नाही, म्हणायची, घरात एक शिंपी पुरे. आज तिच्या मांडीवर मामाची तपकिरी पँट होती आणि ती कंबरेची शिलाई उसवून आत घेत होती.

"काय करतेस?"

"हात रिकामा राहू नये म्हणून."

मी म्हटलं, मामा बघेल तर टाके मोजेल. ती म्हणाली, "मोजतो." आणि दोरा दातांनी तोडला.

गुरुवार, २४ जुलै

आज मला वाटतं मी मोठं काम केलं.

चूक कुठे आहे ते सापडेना म्हणून मी उलटीकडून सुरुवात केली. खऱ्या पँटीवर ज्या सुरकुत्या दिसल्या त्या वहीत काढून घेतल्या होत्या. मागचा फुगा, लोंबलेली सीट, मांडीवरच्या दोन घड्या. ठरवलं, यंत्रात काय बदललं की ह्याच सुरकुत्या येतात ते बघू. कापडाची जाडी बदलली, वजन, ताण, अस्तर. काही केल्या घड्या पडेनात. शेवटी दुसऱ्या मामाच्याच कंबरेचा आकडा खाली आणला. ३३, काही नाही. साडेबत्तीस. ३२ वर आणलं आणि बाकीची मापं त्याच प्रमाणात उतरवली, तर सगळ्या आल्या. दोन्ही घड्या, त्याच जागी, तितक्याच लांब.

म्हणजे यंत्र दोन इंच चुकीचं चालतंय. घड्याळ पाच मिनिटं पुढे असावं तसं. मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं: यंत्रात दोन इंचांची चूक.

टाचणीबाईंना दाखवलं. त्या पडद्यावरच्या बारीक झालेल्या दुसऱ्या मामाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बंद कर ते." त्यांना यंत्र आवडत नाही.

मामाला दाखवायचं होतं, पण तो दुपारी कापडाच्या ताग्यांवर डोकं टेकून झोपला होता. मी त्याला दिवसा झोपलेला कधी बघितला नव्हता. उठवलं नाही. डबा तसाच भरलेला होता, तो मी खाल्ला, वाया जायला नको.

बुधवार, ३० जुलै

चौथी पँट, शेवटची. तीन इंच.

तीन इंच आल्यावर साहेबांनी फाइल बंद केली. "सोमवारी तुझा अहवाल दे. यंत्र चुकतंय असं असेल तर तसं लिही, मी परत पाठवतो त्यांना." टेबल वाचलं, म्हणजे मामाचं आणि टाचणीबाईंचं काम वाचलं. तरी कोणीच हसलं नाही. मीसुद्धा नाही.

कारण मला एक गोष्ट टोचत होती आणि ती काय ते मला घरी येऊन वही उघडल्यावर कळलं. घड्याळ पाच मिनिटं पुढे असेल तर ते रोज पाचच मिनिटं पुढे असतं. यंत्राची चूक दोन इंच होती. मग आज तीन कशी? चूक वाढते कशी?

आकडे एकाखाली एक लिहिले. १८ जूनला पाव. २ जुलैला एक. १६ जुलैला दोन. आज तीन.

मग अकरा गोष्टींची यादी काढली. कागद, कापणी, धागा, शिलाई, इस्त्री. सगळं आहे तिच्यात. माणूस नाही. ती यादी मामाने केली होती.

मी बाहेर जाऊन दाराची कडी दोनदा बघून आलो. मग तिसऱ्यांदा बघितली.

गुरुवार, ३१ जुलै

सकाळी टाचणीबाईंना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"टाचण्या मी लावते. आत हाड लागायला लागलं की बोटांना कळतं."

"मग बोलला नाहीत?"

"मास्तरांनी बोलू नका म्हटलं. आणि..." त्या सुईत दोरा ओवू लागल्या. "माझंही टेबल आहे ना रे ते. मला वाटलं, एवढे आठ आठवडे निभावतील."

कारखान्यातून घरी जाताना मी मामाला रस्त्यातच गाठलं. तो मध्ये मध्ये थांबून दुकानांच्या काचांमध्ये बघतो, मला वाटायचं कपडे बघतो. तो दम घेत असतो.

"मामा, डॉक्टरकडे जायचं."

"जाऊ की. सोमवारी तुझा कागद जाऊ दे. मंगळवारी तू नेशील तिथे येतो."

"कागदावर काय लिहू?"

"जे दिसलं ते. यंत्रात चौतीस, अंगावर ढगळ. खोटं आहे का त्यात काही?"

मी त्याचा डबा माझ्या हातात घेतला. तो म्हणाला, "चार दिवस रे. चार दिवसांनी काय होतंय?"

मामीला सांगितलं. ती म्हणाली, "मी पायसुद्धा धरले. तुझंच ऐकलं तर ऐकेल." आणि मग, "मी आत घेऊन घेऊन आता पँटीच्या मागचे दोन्ही खिसे एकमेकांना टेकलेत."

शुक्रवार, १ ऑगस्ट

रात्रभर हिशोब करत होतो की चार दिवस म्हणजे किती. चौदा दिवसांना एक इंच, तर चार दिवसांना पाव इंचाहून थोडं जास्त. पाव इंच म्हणजे काहीच नाही, असं मॅडम म्हणाल्या होत्या. जूनमध्ये.

सकाळी मामा टेबलाशी आला तेव्हा मी फीत गळ्यात घालून उभा होतो. म्हटलं, "मामा, हात वर कर."

कामावर मी त्याला अशी हाक मारलेली त्याने कधी ऐकली नव्हती. "मास्तर म्हण," तो म्हणाला.

"हात वर कर, मामा."

"काल काय ठरलं आपलं?"

"तू ठरवलंस. तूच म्हणाला होतास, यंत्रालाही फसवायचं नाही."

त्याने टाचणीबाईंकडे बघितलं. "बाई, ह्याला सांगा. तुमचं टेबल जाईल."

टाचणीबाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि टाचण्यांच्या गादीला टोचल्या. सात होत्या. त्यांचं तोंड रिकामं मी पहिल्यांदा बघितलं, लहान दिसत होतं. त्या मामाच्या मागे गेल्या आणि त्याच्या कामाच्या डगल्याची गाठ सोडू लागल्या. "माझ्या टेबलाचं मी बघेन. तुम्ही हात वर करा."

मामाने हात वर केले. आपसूक पाय खांद्याइतके फाकवले, नजर समोर ठेवली, श्वास सोडला. मला शिकवलं होतं अगदी तसं.

बावन्न मापं. कंबर ३१. सीट सव्वासदतीस. मांडी वीस. दोनदा मोजली. हात थरथरला नाही. एकदा मामा म्हणाला, "फीत तिरकी जातेय मागून." जात होती. सरळ केली.

सगळी मापं यंत्रात भरली, दुसऱ्या मामाला चौथी पँट घातली. मागचा फुगा, घड्या, सीट, एकूण एक जुळलं. निळंच निळं. मामा शेजारी उभा राहून बघत होता. "चांगलं आहे रे यंत्र," म्हणाला. आणि मग, "मागून मी असा दिसतो?"

अहवाल आजच दिला. यंत्र बरोबर आहे, माणूस बदलला आहे, एवढंच लिहिलं. साहेबांनी तो उभ्या उभ्या वाचला. "म्हणजे यंत्र बरोबर," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. दारापर्यंत गेल्यावर मला परत बोलावलं. मला वाटलं मामाचं विचारतील.

"आजची मापं पुसून टाक. जूनमधला मास्तर तसाच ठेव. तोच आपला चौतीस."

सोमवार, ४ ऑगस्ट

टाचणीबाईंनी सकाळी येऊन आपलं शिवणयंत्र पुसलं, तेल दिलं, वर झाकण घातलं. जाताना माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "दुसऱ्या मामाला चहा विचारत जा. एकटा असतो." मी हसलो नाही म्हणून त्यांनी डोक्यावर टपली मारली.

दुपारी अर्धी सुट्टी टाकून मामाला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी डोळ्यांची पापणी ओढून बघितली, पोटावर बोटं दाबली आणि विचारलं, "वजन केव्हापासून उतरतंय?"

मामा म्हणाला, "असंच, थोडे दिवस."

मी वही उघडून तारखा वाचून दाखवल्या. डॉक्टर म्हणाले, "हे फार उपयोगी आहे." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी पेन खाली ठेवायला नको होतं.

बुधवार, ६ ऑगस्ट

आज पोटाचे फोटो काढायचे होते. मामी आत त्याच्याबरोबर गेली, मी बाहेर बाकावर. आतल्या बाईने मामाला बदलायला झगा दिला, मागून बंद बांधायचा. "माप विचारलं नाही," मामा दारातून म्हणाला, "सगळ्यांना एकच. बघ, असं पण चालतं." अंगावरच्या धातूच्या वस्तू काढायला सांगितल्या तेव्हा अंगठी, घड्याळ आणि पट्टा माझ्याकडे दिला. अंगठीला आतून दोरा गुंडाळलेला होता.

पावणेदोन तास लागले. मी पट्टा गुंडाळायला म्हणून सरळ केला. पट्ट्याची मूळची पाच भोकं, त्यांच्या पुढे बक्कलाकडे मामाने पाडलेली तीन. अंतर मोजलं, बरोबर एक एक इंच. कडा स्वच्छ. हात अजून पक्का आहे त्याचा.

मग पट्टा उलटा केला. आतल्या बाजूला, तिसऱ्या भोकाच्या पुढे, खडूच्या बारीक खुणा होत्या, पॅटर्नवर करतो तशा, फुलीच्या. अजून न पाडलेल्या भोकांच्या. चौथं, पाचवं. तेही एक एक इंचावर.

त्याच्या पुढे बक्कलापर्यंत कितीतरी पट्टा शिल्लक होता. मी उजेडात धरून बघितला, बोट फिरवून बघितलं. पुढे खूण नव्हती.

आतून मामाचं नाव पुकारलं तेव्हा मी पट्टा खिशात घातला आणि हाताला लागलेला खडू पुसला.